दिल्लीची डिझेल गाडी आणि देवगडचे गुरुजी

पार्श्वभूमी

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकाचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. इथे त्यांना नुसतं गुरुजी म्हटलं आहे, गावातही सगळे तसंच म्हणतात. ग्राहकांच्या तक्रारींचं काम करताना हे प्रकरण माझ्याकडे आलं ते बयाणा देऊन झाल्यावर.

घरात तोवर एक स्कूटर होती. वडिलांना दवाखान्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला न्यावं लागायचं. एसटीच्या वेळा जुळायच्या नाहीत आणि खास रिक्षा करायची तर जाऊन-येऊन खिसा रिकामा. शिवाय हंगामात हापूसच्या पेट्या कणकवलीपर्यंत पोचवायच्या असत. म्हणून गुरुजींना डिझेलची, जरा उंच, मागे सामान मावेल अशी गाडी हवी होती. आयुष्यातली पहिलीच गाडी. शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज मिळणार होतं आणि वरखर्च धरून साडेपाच लाखांच्या पुढे जायचं नाही असं घरात ठरलं होतं.

महामार्गालगत जुन्या गाड्यांचा एक डीलर आहे. कुठल्या कंपनीचा नाही, स्वतःचा धंदा. दिल्ली-हरियाणाकडून गाड्या आणायच्या आणि इथे विकायच्या. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे तेव्हा तिथे डिझेल गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचा भाव कोसळायचा. महाराष्ट्रात तीच गाडी नोंदणीची पंधरा वर्षं पुरी करू शकते. हा फरक म्हणजे या धंद्याचं भांडवल, आणि त्यात गैर काही नाही.

दिल्लीच्या गाडीचा एक खरा फायदाही आहे. आपल्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस गाडीला खालून खातो. समुद्रालगत आठ वर्षं काढलेल्या गाडीचा तळ आणि कोरड्या हवेतल्या गाडीचा तळ शेजारी शेजारी बघितला तर कुणालाही दिल्लीची घ्यावीशी वाटेल.

गुरुजींना दाखवलेली गाडी २०१६ सालच्या सप्टेंबरात नोंदलेली, डीएल पासिंगची, काट्यावर बासष्ट हजार किलोमीटर. मागणी पाच लाख दहा हजार. त्याच मॉडेलची, त्याच सालची एमएच-०७, म्हणजे सिंधुदुर्ग पासिंगची गाडी तेव्हा कुडाळात पावणेसात लाखांना उभी होती.

अडचण

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्याआधीच्या आठवड्यात गुरुजी गाडी बघायला गेले. डीलर म्हणाला, "गुरुजी, पाडवो इलो. नारळ फोडूया, कागद मागसून येतले." वीस हजार रुपये तिथल्या तिथे यूपीआयने गेले. पावती म्हणून मिळालं ते व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवरचं एक वाक्य.

बाकीचे पैसे पाडव्याला द्यायचे होते. ते दिले गेले नाहीत, कारण मध्ये पतपेढीतल्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी विचारलं, "आरसी कुणाच्या नावावर आहे?" गुरुजींना सांगता येईना.

मग एकेक गोष्ट उघडत गेली. एमपरिवहन ॲपवर नंबर घातल्यावर तीन गोष्टी दिसल्या. मालकाचं नाव डीलरचं नव्हतं (ॲप नाव फुल्या घालून दाखवतं, पण अक्षरं जुळत नव्हती). गाडीवर एका वित्तसंस्थेच्या कर्जाचा बोजा अजून चढलेला होता. आणि विमा फेब्रुवारीत संपला होता. ई-चलनाच्या संकेतस्थळावर दिल्लीचे थकलेले दंड दिसले ते वेगळेच.

डीलरकडे होते मालकी बदलाचे, सह्या केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०. मालकाने ते दिल्लीतल्या एका दलालाला दिले, दलालाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने याला. दिल्लीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म २८, निघालेलीच नव्हती. बोजा उतरल्याशिवाय आणि चलनं भरल्याशिवाय ती निघणारही नव्हती.

त्यात डीलरने हाताने लिहिलेला एक हिशेब दिला. त्यात "जीएसटी १८ टक्के" म्हणून ब्याण्णव हजारांच्या आसपास रक्कम वर चढवली होती. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवरचा दर सरसकट अठरा टक्के झाला हे खरं. पण नोंदणीकृत विक्रेत्याला तो कर फक्त नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर भरायचा असतो. अख्ख्या किमतीवर नाही. शिवाय या हिशेबावर जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. त्या काळात अर्धवट बातम्या वाचून बरेच लोक घाबरले होते, काही विक्रेत्यांनी त्याचा फायदा घेतला. गुरुजींनी क्रमांक मागितल्यावर ही ओळ हिशेबातून नाहीशी झाली.

मेस्त्रींची तपासणी

कागद बाजूला ठेवून गाडी तरी बरी आहे का, हे बघायला गुरुजी आपल्या ओळखीचे मेस्त्री घेऊन गेले. डीलरने आढेवेढे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

मेस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. तळ कोरडा, गंज नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला गाळाचा डाग आहे का पाहिलं, स्टेपनीचा खळगा पाहिला, सीटखालच्या स्क्रूंवर बुरशी आहे का पाहिलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हापासून इकडचे मेस्त्री हे न चुकता बघतात, गाडी कुठलीही असो. पुराची खूण नव्हती. टायरवरचा चार आकडी शिक्का २०१९ चा आठवडा सांगत होता, म्हणजे चारही टायर बदलायचे. क्लच खूप वर पकडत होता. आणि ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत झालं होतं.

"गुरुजी, गाडी खालसून बरी असा. पण काट्यार माझो विश्वास नाय."

गुरुजींनी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन नंबर सांगितला आणि जुन्या सर्व्हिसची नोंद विचारली. दिल्लीतल्या शेवटच्या नोंदीला, २०२२ साली, गाडी एक लाख अठरा हजार किलोमीटर चाललेली होती. काट्यावर बासष्ट. डीलरने "माका तशीच इली" म्हणून हात वर केले. ते खरंही असू शकेल. दोन दलालांच्या हातून आलेल्या गाडीचा काटा नेमका कुठे मागे फिरला हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं.

काय काय पर्याय होते

गुरुजींच्या घरी एका संध्याकाळी आम्ही बसलो. समोर चार वाटा होत्या.

वीस हजार सोडून देणं ही पहिली. मेहुण्याचं मत तेच होतं, आणि वाईट नव्हतं. ज्या माणसाने सुरुवातीलाच खोटा जीएसटी लावला त्याच्याशी पुढे व्यवहार का करावा?

कुडाळची एमएच-०७ गाडी ही दुसरी. कागद सरळ, मालक समोर, चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर, पण तळाला गंज लागलेला. घासाघीस करून ती सहा लाख चाळीसपर्यंत आली असती. ठरलेल्या मर्यादेच्या ती बरीच बाहेर होती.

नवी छोटी पेट्रोल गाडी बँकेच्या कर्जावर घेणं ही तिसरी. माझा कल इकडे होता. पण पेट्या, वडिलांची चाकाची खुर्ची आणि गावाकडच्या चढाचा रस्ता यांपुढे माझं म्हणणं टिकलं नाही.

चौथी वाट म्हणजे हीच गाडी घ्यायची, मात्र पैसे कागदांच्या मागून चालतील असा करार करून. डीलरला ही नको होती, कारण त्याचे पैसे गाडीत अडकलेले होते. पण तीन महिने गाडी अंगणात पडून होती आणि पावसाळा तोंडावर होता. त्यालाही गरज होती.

पाचवी वाट डीलरच सुचवत राहिला: पूर्ण पैसे द्या, शपथपत्र करा, डीएल नंबरवरच चालवा, "एक वर्ष कोण विचारत नाही." यात अर्धं खरं आहे, म्हणून ते घातक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. पण मालक बदलल्याचा अर्ज कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत करायचा असतो. पहिल्या मुदतीच्या आड दुसरी लपवली जाते. आणि सप्टेंबर २०२६ मध्ये ही गाडी दिल्लीच्या हिशेबाने दहा वर्षांची होणार होती. त्यानंतर तिथून एनओसी काढणं म्हणजे आणखी एक कटकट.

अपघात झाला तर जबाबदार कोण, हाही प्रश्न होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच साखळीच्या प्रकरणात, जिथे गाडी हातोहात विकली गेली पण नाव बदललं नव्हतं, नोंदीवर ज्याचं नाव आहे त्यालाच मालक धरलं. म्हणजे गुरुजींनी गाडी ठोकली असती तर भरपाईचा दावा दिल्लीतल्या त्या गृहस्थांच्या दारात गेला असता. इथूनच पुढचा मार्ग सुचला.

निर्णायक फोन

डीलरने दिलेल्या जुन्या विम्याच्या झेरॉक्सवर मूळ मालकाचा फोन नंबर होता. त्यांना फोन करावा की नाही यावर बरीच चर्चा झाली. डीलर बिथरेल, मालक नवे पैसे मागेल, अशा शंका होत्या. माझं मत स्पष्ट होतं: या सगळ्या साखळीत नाव लवकर बदलावं अशी गरज सगळ्यात जास्त कुणाला असेल तर ती मूळ मालकाला. दलालांना आपले पैसे मिळून चुकले होते आणि डीलरला गाडी विकायची होती. दंडाच्या नोटिसा मात्र मालकाच्या मोबाइलवर जात होत्या.

गुरुजींनी आपल्या शाळेच्या हिंदीत फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सुरुवातीला संशयाने बोलले, मग दहा मिनिटं तक्रारी सांगत राहिले. गाडी २०२३ मध्ये विकली, दलाल नाव बदलून देतो म्हणाले, अजून चलनं येतात. कर्ज फेडलेलं होतं, पण वित्तसंस्थेचं पत्र घेऊन बोजा उतरवायला, म्हणजे फॉर्म ३५ द्यायला, कुणी गेलंच नव्हतं. आता त्या पत्राची मुदतही उलटली होती. एनओसीच्या ऑनलाइन अर्जाला लागणारा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार होता. दलाल तो मागायचे, पण ते घाबरून द्यायचे नाहीत. म्हणजे डीलर "दिल्लीच्या आरटीओत फाइल अडकली" असं जे इतके दिवस सांगत होता, ती फाइल कुणी लावलीच नव्हती.

त्यांनी नवं पत्र आणायचं आणि ओटीपी द्यायचे कबूल केलं. अट एकच: आधी चलनं कुणीतरी भरा.

केलेली कृती

एप्रिलच्या मध्यावर पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करार झाला. किंमत चार लाख पंचावन्न हजार ठरली. काटा, क्लच आणि टायर यांच्यापायी पंचावन्न हजार खाली आले. वीस हजार बयाणा जमा धरला. बोजा उतरवण्याचा अर्ज झाल्याची पोच दिसली की एक लाख तीस हजार. फॉर्म २८ वाहन पोर्टलवर दिसला की दोन लाख पाच हजार आणि तेव्हाच गाडीचा ताबा. उरलेले एक लाख एमएच-०७ नंबर गुरुजींच्या नावावर लागल्यावर. चलनं डीलरने भरायची. ३१ जुलैपर्यंत एनओसी आली नाही तर दिलेले सगळे पैसे परत. सर्व रक्कम बँकेतून. चोरीच्या गाड्यांच्या नोंदीत ही नाही, याचा दाखला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरून काढून कराराला जोडला.

शेवटचे एक लाख रोखून धरणं डीलरला सगळ्यात जड गेलं. पन्नासवर तडजोड करा म्हणाला. गुरुजी हलले नाहीत. माझ्या मते या व्यवहारातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच. पन्नास हजारांसाठी डीलरने ओरोसच्या फेऱ्या केल्या असत्या की नाही, शंका आहे.

मे महिन्यात एक कसोटीचा क्षण आला. मेहुण्याचं लग्न होतं, वऱ्हाड राजापूरला जायचं होतं. डीलरचा फोन: "गाडी दोन दिवस नेया, घरचीच समजा." गुरुजी विरघळले होते. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा मुळात गुन्हा आहे, हे मी सांगितलं, पण थांबवलं ते घरच्यांनी. वहिनी म्हणाल्या, "लग्नाक एसटीन जाऊया. नाव लागल्याशिवाय ती आपली नाय." एकदा गाडी दारात उभी राहिली की ग्राहकाचा जोर संपतो. डीलरला हे पुरतं माहीत होतं.

बोजा जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरला. एनओसी जुलैच्या सुरुवातीला निघाली, करारातल्या मुदतीच्या बऱ्याच आधी. दोन्हीकडे ओटीपी मूळ मालकाने स्वतः दिले. त्यानंतर गुरुजींनी डीलरच्या एजंटाला मध्ये न घालता आपला एजंट धरला. ओरोसच्या आरटीओत फॉर्म २७ (नव्या नंबरसाठी), २९, ३० गेले, गाडीची तपासणी झाली, चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा घेतला गेला. डिझेल गाडीला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर तेरा टक्के कर असतो. जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होतो. तो सहासष्ट हजार आला. डीलरने सुरुवातीला "दहा-पंधरा हजारांत सगळं होतं" असं सांगितलं होतं.

निष्पत्ती

ऑगस्टच्या मध्याला नंबर लागला, गणपतीच्या आधी. त्या वर्षी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर पाट्या बसवायची गर्दी उसळली होती, त्यामुळे पाटीसाठी वेगळी रांग लागली. शेवटचे एक लाख त्याच दिवशी डीलरला मिळाले. भांडण न होता.

आता हिशेब. गाडी चार लाख पंचावन्न, कर सहासष्ट हजार, शुल्क आणि एजंट नऊ हजार. क्लच, चार टायर आणि तळाला गंजरोधक लेप मिळून अठ्ठावन्न हजार. एकूण पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार. कुडाळची गाडी सहा चाळीसला मिळाली असती, तिला टायर नको होते, कर नको होता आणि ती पाडव्यालाच दारात आली असती. तिच्या तळाच्या गंजाचा खर्च मात्र पुढे निघालाच असता. म्हणजे एक लाख पासष्ट हजारांची वाटलेली बचत बावन्न हजारांवर आली, आणि ती पाच महिन्यांच्या वाटेवर मिळाली. आंब्याचा हंगाम भाड्याच्या टेम्पोत गेला. पतपेढीचं व्याज यात धरलेलंच नाही.

गुरुजींना विचारलं तर ते म्हणतात, गाडी चांगली आहे. ती आहेही.

वेगळं काय करता आलं असतं

पतपेढीचं कर्ज गुरुजींनी मार्चमध्येच उचललं होतं. पैसे खात्यात, गाडी डीलरकडे आणि व्याज सुरू. करार आधी आणि कर्ज टप्प्याने, असं मागता आलं असतं. एका बँकेने त्यांना आधीच सांगितलं होतं की एनओसी नसलेल्या परराज्यातल्या गाडीला कर्ज देत नाही. गुरुजींनी तो बँकेचा आडमुठेपणा समजला. बँक कागद बघून नाही म्हणते तेव्हा तिने फुकटात तपासणी करून दिलेली असते.

डीलर अधिकृत आहे का हे कुणीच विचारलं नाही, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा सुटलेला धागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून फॉर्म २९बी चं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालक गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९सी ने तशी सूचना नोंदवतो. मग एनओसीसाठी, नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा अधिकार त्या विक्रेत्याला मिळतो आणि ताबा कुणाकडे होता हे नोंदीवर राहतं. दिल्लीचा दलाल किंवा इथला डीलर असा अधिकृत असता तर मूळ मालकाला फोन करायची गरजच उरली नसती. पहिल्याच भेटीत "२९बी दाखवा" एवढं म्हटलं तरी समोरचा माणूस कुठल्या प्रकारचा विक्रेता आहे ते कळतं.

करारात गाडी कुठे ठेवायची ते लिहायचं राहून गेलं. जून-जुलै ती उघड्यावर भिजली. ताबा घेताना बॅटरी मेलेली, मागचे ब्रेक जाम, आतल्या कापडावर बुरशी. डीलरने ब्रेक मोकळे करून दिले, बॅटरी मात्र गुरुजींनी घातली. छपराखाली ठेवायची आणि आठवड्यातून एकदा चालू करायची, ही ओळ कोकणात अशा प्रत्येक करारात हवी.

वीस हजारांची पावती हा बारीक मुद्दा वाटेल. सुदैवाने यूपीआयची नोंद होती. ती नसती तर वीस हजार परत मागायची वाट बंदच होती, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून सांगण्यासारखंही हातात फारसं काही नसतं.

एक गोष्ट अजून बाकी आहे. दिल्लीत भरलेल्या रोड टॅक्सचा उरलेला भाग परत मिळवून देतो, असं डीलरने करारावेळी तोंडी सांगितलं होतं. तो परतावा मागायचा हक्क दिल्लीच्या नोंदीवर ज्याचं नाव होतं त्याचा, आणि तो तिथल्या कार्यालयातूनच मागावा लागतो. गुरुजींनी इथल्या नव्या आरसीची प्रत मूळ मालकाला पाठवली आहे आणि रक्कम मिळालीच तर ती त्यांनीच ठेवावी असं कळवलं आहे.